दादांना न सापडलेलं घर

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. मी तेव्हा बायको-मुलीसह एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये राहत होतो आणि ते आईसोबत आगाशीतल्या आमच्या दगडी घरात. दिसत नसलं तरी घरात त्यांना कुणाचा हात धरावा लागत नसे. खाटेवरून उठायचे, भिंतीला तळवा टेकवायचे आणि दगड चाचपत थेट मागच्या दाराने विहिरीवर. केळींना पाणीसुद्धा तेच सोडायचे.

मग आई न्हाणीत घसरून पडली, मनगट मोडलं. दादा मला म्हणाले, "तुम्ही आता इथंच राहायला या."

मला यायचं होतं, पण मुलीला दमा होता आणि त्या भिंतींना बाराही महिने ओल. मी तसं सांगितलं.

"मग दुरुस्त कर. पोरीला सोसेल असं कर."

"सगळं बदललं तर तुम्हाला कळणार कसं?" आईने विचारलं.

"होईल सवय," ते म्हणाले.

काम चाललं तोवर दोघं आमच्या फ्लॅटवर राहिली. मी आगाशीहून परतलो की दादा विचारायचे, आज काय केलं? मधली भिंत काढली म्हटल्यावर ती कुठपासून कुठपर्यंत, ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "पोरीच्या खोलीत ऊन येतं ना?" येत होतं. दगडावर आतून गिलावा झाला, लाद्या बसल्या, मागचं दार स्वयंपाकघराकडे सरकलं.

राहायला गेलो त्या दिवशी दादांनी भिंतीवरून हात फिरवला. "गुळगुळीत झालीय," एवढंच बोलले. विहिरीवर म्हणून निघाले आणि मुलीच्या खोलीत जाऊन उभे राहिले. तिने हात धरून त्यांना बाहेर आणलं. पुढं हे रोजच होऊ लागलं. मी भिंतीलगत दोरी बांधून दिली. ती धरून ते थोडे दिवस फिरले, मग तेही सोडलं. पडवीतल्या खुर्चीत दिवसभर बसून राहायचे.

"दादा, काय होतंय?" मी एकदा विचारलं.

"घर चांगलं झालंय रे. मला फक्त सापडत नाही."

दुसऱ्याच दिवशी मी गवंड्याला बोलावलं. खाटेपासून दारापर्यंत, हात पोचेल तेवढ्या उंचीवर गिलावा काढ म्हणून सांगितलं. छिन्नीचा आवाज ऐकून दादा पडवीतून ओरडले, "थांबवा ते. धूळ उडतेय, पोरीला त्रास होईल." माझं काही चालू दिलं नाही. गवंड्याने हत्यारं गोळा केली.

त्या पावसाळ्यात मुलीला एकदाही धाप लागली नाही. दादा मात्र खंगत गेले. श्रावणात ताप आला आणि ते उठेनासे झाले. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होतो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुझ्या फ्लॅटवर फार दिवस राहिलो. आता घरी कधी जायचं?"

उशाशी बसलेली आई तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

"जाऊ," मी म्हटलं. "काम संपत आलंय."

त्यांनी मान हलवली आणि आणखी दोन चमचे पेज घेतली. त्याच आठवड्यात ते गेले.