खंडेनवमीचा हिरवा दिवा
झेंडूचा वास आला की डोंबिवली एमआयडीसीतली ती खंडेनवमी आठवते. जमिनीत पुरलेले प्लास्टिकचे भूसुरुंगही शोधणारं आमच्या कंपनीचं नवं रडार मशीन पूजेला ठेवलेलं. साहेबांनी हौसेने त्यावर नारळाचं पाणी शिंपडलं आणि लगेच मागच्या मैदानात चाचणी लावली. तिथे पाय पडताच शिट्टी वाजवणारे खोटे सुरुंग पुरलेले होते. मशीन पुढे धरून आमचे निवृत्त फौजी काका चालत होते. धोका नसल्याचा हिरवा दिवा लागलेलाच होता, आणि त्यांच्या पायाखाली शिट्टी वाजली. पाणी आत गेल्याचं नंतर कळलं. तेव्हा आम्ही खो खो हसलो. काकांनी पाय उचललाच नाही. "हसा रे," ते म्हणाले, "मी आत्ता मेलो." यंदा नारळ लांबच फोडला. दिवा हिरवा आहे, तरी मैदानात पहिलं पाऊल टाकायला आमच्यातलं कोणी पुढे होत नाहीये.