देवीच्या ओवरीतलं बिऱ्हाड

देवीवर माझी श्रद्धा होती, माणसांवर नव्हती, हे आज कबूल करतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीत नदीकडच्या आळीत आमचं घर. मागच्या अंगाला दहा बाय बाराची एक खोली, अकरा महिने रिकामी. भाडेकरू ठेवायचा तर गावातल्या दोन घरवाल्यांची ओळख हवी, हा माझा नियम. कारकुनाचा पिंड, दोन म्हणजे दोन, दीड चालायची नाही.

आळीतल्या देवीच्या देवळाच्या ओवरीत अनसूयाबाई दोन मुलींना घेऊन राहायची. नवरा गेल्यावर दिरांनी घराबाहेर काढलं, तेव्हापासून दोन वर्षं तिथंच. दिवसा हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायची; तिच्या हातांचा पिवळेपणा कधी गेलेला मी पाहिला नाही. ओवऱ्या दुरुस्तीला निघाल्या आणि सोमवारपर्यंत जागा सोडायचं ठरलं. चार घरमालकांनी तिला परत पाठवलं होतं. पाचवा मी.

देवळाचे गुरव म्हणाले, "आवं, खोलीत उंदरं पाळलीया व्हय? द्या की बाईला."

"तिला ओळखतं कोण?"

"मी हाय न्हवं?"

"तुम्ही एक झालात. दुसरं कोण?"

नकाराचं पाप माथी नको, म्हणून शनिवारी सकाळी मी देवीला कौल लावायला सांगितलं. ओल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना गुरवांनी एकेक कळी चिकटवली. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. खरं सांगतो, मी डावीकडेच बघत होतो. मनात पाचशे अंक मोजले. काहीच हललं नाही. कळ्या बदलल्या; पुन्हा तेच.

अनसूयाबाई दाराशी झाडत होती. हात न थांबवता म्हणाली, "दादा, आईला किती दमवताय? दोन वर्सं तिनं आमाला ठेवून घेतलंय. तुमाला वळखतं कोण, असं तिनं कवा इचारलं न्हाई."

गुरव हसले. "घ्या! झाली की दुसरी वळख. घरवालीच हाय गावातली, आन् लय जुनी!"

मी कौल मागायला आलो नव्हतो, पळवाट मागायला आलो होतो. किल्ली तिथंच बाईच्या हातात दिली. रविवारी चार भांडी आणि दोन वळकट्या घेऊन एका फेरीत बिऱ्हाड आलं.

ती सहा वर्षं राहिली. संध्याकाळी तिच्या लुगड्याचा हळदीचा वास परसभर पसरायचा, धाकटी पायरीवर बसून मला सतराचा पाढा म्हणून दाखवायची. ती संध्याकाळ आता कुठून आणू?

हिशेबी माणसाला स्वतःला देवाच्या स्वाधीन करणं जड जातं. मला ते थोडंसंच जमलं. अनसूयाबाई खोली सोडून गेली, त्याच्या पुढच्या वर्षी एसटी स्टँडवर राहणाऱ्या एका जोडप्याला खोली देताना शेजाऱ्यांनी विचारलं, "यांना ओळखतं कोण?" मी त्यांना ओळखत नव्हतो. तरी "मी" म्हणालो. जाणूनबुजून दिलेली माझी ती एकच खोटी साक्ष. ती माझ्याकडून वदवून घेतली, याबद्दल देवीचे उपकार मानतो.