आवाज अठरावर

आमच्या बाहेरच्या खोलीची एक भिंत पंपकाकांची आणि आमची मिळून आहे. काकांनी बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली. यंत्राला हात न लावता, नुसतं दारात उभं राहून ते सांगायचे, "तीन नंबरचं बेरिंग चाललंय. शनिवारपर्यंत टिकेल." आणि ते बेरिंगही इतकं आज्ञाधारक, की शनिवारीच जायचं. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची नजर नेली. काकू त्याआधीच गेल्या होत्या. दिसत नाही तर टीव्ही कशाला, म्हणून तो त्यांनी बहिणीला देऊन टाकला आणि आपली खुर्ची आमच्या भिंतीला लावली.

हे आम्हाला कळलं एका शुक्रवारी. दर शुक्रवारी संध्याकाळी आठला नेटवरच्या एका रहस्यमालिकेचा नवा भाग यायचा. बायको, मी आणि आमची कन्या असे तिघं सोफ्यावर दाटीवाटीने बसलो होतो. नायकाचा मेहुणा पोलिसांना सांगत होता, की मी तर घरीच होतो. तेवढ्यात भिंत ओरडली, "खोटं! हवा धरलीय ह्याच्या आवाजानं!"

पंपात हवा शिरली की तो नुसता घरघरतो, पाणी देत नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाचंही तसंच, असं काकांचं शास्त्र. पुढच्याच भागात मेहुण्याचं बिंग फुटलं आणि कन्येने भिंतीला नमस्कार केला.

त्यानंतर आमच्याकडे मालिका दोन सुरांत चालू लागली. "दार उघडू नकोस, बावळटा!" असं पलीकडून आलं की अलीकडे आम्हीही पाय वर घेऊन बसायचो. शीर्षकगीतावरही शेरा ठरलेला. "बाई सुरात आहे, पण ढोलकीवाल्याला घरी जायची घाई झालीय." खुनी कोण, हे तर त्यांनी दुसऱ्याच भागात जाहीर केलं होतं. "डॉक्टर! लिहून घ्या माझ्याकडून!"

गंमत म्हणजे तोंडावर याची वाच्यता कधी झाली नाही. शनिवारी जिन्यात भेटले की मी विचारायचो, "काय काका, काल काय केलंत?"

"काही नाही रे. लवकर झोपलो."

साडेनऊपर्यंत भिंत हादरवणारा माणूस हे अत्यंत निरागस चेहऱ्याने सांगायचा, आणि मी तितक्याच निरागसपणे मान डोलवायचो. भिंतीला कान लावणं त्यांना शोभत नव्हतं आणि त्यांना पकडणं आम्हाला. बायकोने मात्र टीव्हीचा आवाज अठरावर कायम केला. "बारावर त्यांना नीट ऐकू जात नाही, आणि पंचवीसवर ठेवला तर मुद्दाम ऐकवतोय असं वाटेल." पडद्यावर कुणी न बोलता काही करत असलं की कन्या उगाचच मोठ्याने म्हणायची, "आई, बघ ना, त्याने किल्ली खिशात टाकली!" तिच्या आईला दिसत होतं. सगळ्यांनाच दिसत होतं, एक सोडून.

मग शेवटचे दोन भाग आले, तेही एकदम आणि गुरुवारीच. कन्येला शुक्रवारी सकाळी वसतिगृहावर पोचवायचं होतं. आतल्या खोलीत आपली बॅग भरता भरता ती म्हणाली, "आत्ताच बघू या. तिकडे मी एकटीने शेवट बघू?" तिच्या लॅपटॉपवर आम्ही तिघांनी डोकी जोडली.

"हळू लाव गं," बायको म्हणाली. "काकांना कळायला नको. उद्या त्यांच्यासाठी पुन्हा लावू."

उद्या कुठला? वसतिगृहाची खोली मिळायला दोन दिवस गेले. आम्ही रविवारी परतलो, रिकाम्या सोफ्याकडे बघितलं आणि न जेवता झोपलो.

सोमवारी काका जिन्यात कठड्याला धरून उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

"टीव्ही बिघडलाय का रे तुमचा?"

एवढ्या महिन्यांत हा विषय पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघाला. मी गडबडलो. "हो ना काका, बंदच पडलाय."

घरात येऊन सांगितलं तर बायकोने कपाळाला हात लावला. "शाबास! आता लावायचा कसा? बंद पडलेला टीव्ही अठरावर बोलतो होय?"

दोन दिवसांनी दुरुस्त झाला म्हणून सांगू, असं ठरलं. पण मंगळवारी सहाला दार वाजलं. दारात काका, हातात पंपघरातली जुनी हत्यारांची पिशवी.

"बघू दे जरा."

नाही कसं म्हणणार? त्यांनी टीव्हीच्या पाठीवरून हात फिरवला, वायर चाचपली, मला बटण दाबायला लावलं. टीव्ही सुरू झाला आणि एका साबणाची जाहिरात ठणठणीत गाऊ लागली.

"अरेच्चा!" मी म्हणालो. "तुमचा हात लागला आणि..."

"गप रे," काका म्हणाले. "पंप बंद पडला तर मला कळतं. चालू आहे पण पाणी दुसऱ्या लाइनीला सोडलंय, तेही कळतं. गुरुवारी आतल्या खोलीत गाणं वाजलं. दोनदा."

बायकोने साबणाची जाहिरात बंद केली.

"मग काका, ही पिशवी?" मी विचारलं.

"म्हटलं, खरंच बिघडला असेल तर बरं."

"काका, बसा ना," बायको म्हणाली. "आत्ता लावते. शेवट राहिलाय तुमचा."

"नको गं पोरी. बघितलेलं तुम्ही माझ्यासाठी कशाला बघत बसता?" भिंतीला हात लावत ते गेले.

तरी आम्ही आठ वाजता ते दोन भाग लावले. आवाज अठरा. शीर्षकगीत वाजलं, ढोलकीवाला घाईत निघून गेला, भिंत काही बोलली नाही. डॉक्टर निर्दोष सुटला. खून नायकाच्या आत्येने केला होता. साऱ्या मालिकेत ती बाई जेमतेम चार वाक्यं बोलली होती. जी बोलतच नाही तिचा आवाज काका तरी कुठून ओळखणार? तिने कबुली दिली तेव्हा पलीकडे खुर्ची कुरकुरली. म्हणजे होते तिथेच. मग ती खुर्ची फरशीवरून सरकत गेल्याचा आवाज आला, लांबपर्यंत.

शुक्रवारी आम्ही नवी मालिका लावली. पडद्यावर कुणी मुकाट्याने जिना चढू लागला की बायको मोठ्याने म्हणते, "आला हो, वर आला!" मग आम्ही दोघं थांबतो. भिंत गप्प.

परवा शनिवारी जिन्यात मी विचारलं, "काय काका, काल काय केलंत?"

"काही नाही रे. लवकर झोपलो."

त्यांच्या आवाजात हवा नव्हती.