पीएचडी होईपर्यंत सांगायचं नाही

आयर्लंडला निघायच्या दिवशी आईने माझा स्टेथोस्कोप मोठ्या बॅगेतून काढून खांद्यावरच्या पर्समध्ये ठेवला. एअरपोर्टवर पर्स उघडली तर मुलगी कोण आहे ते तिथल्या लोकांना कळायला हवं, असं तिचं म्हणणं. डोंबिवलीजवळच्या कोपरच्या आमच्या दोन खोल्यांत अख्खा मजला दाटीवाटीने बसला होता. बुद्धवंदना झाली, पेढे वाटून झाले, पप्पांनी बॅगेला सुतळी बांधली आणि मी ती सोडायला लावली. जिना उतरताना पप्पा म्हणाले, "जा, सगळं शिकून ये. मधे घराकडे बघू नकोस." मला ते तेव्हा फार छान वाटलं. पप्पा शब्दाचे पक्के आहेत, हे मी विसरले होते.

सगळं म्हणजे किती, हे मला त्याआधीच, ठाण्याला बीएस्सी नर्सिंग करताना कळलं होतं. कॉलेज माजिवड्याच्या पुढे होतं. नातेवाइकांच्या मते मी तिथे इंजेक्शन टोचायला शिकत होते. आमच्या एक मॅडम होत्या, कडक, वॉर्डात चादरीला सुरकुती दिसली तर बेड पुन्हा करायला लावणाऱ्या. त्यांनी एकदा राउंड संपल्यावर मला बाजूला घेतलं. बीएस्सी झाली की लगेच नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मग वॉर्डात नोकरी कर, अनुभवाशिवाय मास्टर्सला विचारत नाहीत. मास्टर्सलाच आपला विषय धर, म्हणजे पीएचडीला नवा शोधावा लागत नाही. "आणि मधे थांबू नकोस गं," त्या म्हणाल्या, "थांबलेलं परत सुरू होत नाही." स्वतः त्या मास्टर्सवरच थांबल्या होत्या.

विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आईला माझ्या शाळेपासून डायबेटिस. तिच्या पायाच्या भेगा, अनवाणी फिरणं, जखमेवर हळद लावून गप्प बसणं हे मी रोज बघत आले होते. डायबेटिसच्या पेशंटच्या पायांची घरी कशी काळजी घेतली जाते, हा माझा विषय. मास्टर्ससाठी आयर्लंडला आले तेव्हा तो सोबत आणला, आणि त्याच्यावरच पुढे पीएचडी मिळाली.

इथला पहिला धक्का गोड होता. माझ्या गाइड स्वतः नर्स. पहिल्या मीटिंगला दोन मोठे सर्जन आत आले आणि मी सवयीने ताडकन उठून उभी राहिले. आपल्याकडे डॉक्टर आले की सिस्टर उठते. इथे कुणीच उठलं नाही. उलट त्या सर्जननी माझ्या गाइडना विचारलं, या जखमेचं काय करू या? मी उभीच. शेवटी गाइडनी विचारलं, तुला कुठे जायचंय का? मी बसले, पण कान गरम झाले होते. घरी फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे तू पण अशी बसून राहणार?"

आता आमच्या घरची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. आमच्याकडे परीक्षा चालू असताना पोरांना वाईट बातमी सांगत नाहीत. माझी दहावी चालू असताना महाडकडच्या गावी आजोबा गेले. पप्पा कामाला जातो म्हणून गावी जाऊन, अग्नी देऊन परत आले, आणि मी शेवटचा पेपर देऊन घरात शिरल्यावर मला जवळ बसवलं. सगळा मजला जाणून होता, एकटी मी सोडून. तेव्हा मी खूप रडले, पण राग आला नाही. पेपर चांगले गेले होते.

गेल्या वर्षी अभ्यासाच्या कामासाठी मला घरोघरी जाऊन पेशंटशी बोलायचं होतं, आणि त्यासाठी मी डोंबिवली-ठाणेच निवडलं. तारीख घरी कळवली नाही. म्हटलं, दारात उभी राहून आईची गंमत बघू. व्हिडिओ कॉलवर ती नेहमी खुर्चीत बसलेली, मांडीवर भाजीचं ताट, तोंडभर हसणारी. मधे एक महिना दिसली नव्हती. "लग्नाला गेलीय गावाला, रेंज नाही तिथे," पप्पा सांगायचे.

बेल वाजवली. आतून आधी ठक, मग ठक असा आवाज येत राहिला. दार उघडलं तर समोर आई, वॉकरला धरून. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

मी किंचाळले नाही, रडले नाही. नर्स असून मी चक्क तिच्या गाऊनच्या त्या रिकाम्या बाजूकडे बघत राहिले आणि डोक्यात दुसरं काही येईना. आईच म्हणाली, "अगं आत ये, बॅग उचलून कशाला उभीयेस?"

सुरुवात अंगठ्याच्या एका फोडाने झाली होती. नेहमीची हळद, मग मेडिकलवाल्याचं मलम. बोट काळं पडल्यावर हॉस्पिटल. मला फोनवर ते बोट नुसतं दाखवलं असतं ना, तर मी एका वाक्यात सांगितलं असतं: आज, आत्ता, रिक्षा करा. तेवढंच हवं होतं. ज्या गोष्टीची मी जगभरच्या लोकांपुढे भाषणं देत होते, ती माझ्या आईच्या पायाला झाली, आणि कळायची शेवटची व्यक्ती मी.

"का नाही सांगितलंत?" मी पप्पांना विचारलं.

ते खरंच गोंधळले. "तुझी परीक्षा चालू होती ना."

"पप्पा, पीएचडी चार-पाच वर्षं चालते."

"म्हणून तर," ते म्हणाले. "एवढी मोठी परीक्षा. दहावीला नाही सांगितलं, मग याला कसं सांगणार?"

मी एकुलती एक. त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं, सोडते, इथेच एखाद्या हॉस्पिटलात लागते. आईला सांगितलं तर ती अशी भडकली की वॉकर भिंतीला आपटला. "मी एवढे महिने तोंड दाबून दुखणं काढलं ते तू घरी बसावीस म्हणून? पाय गेला तो गेला. त्याच्यापायी तुझी पीएचडी पण गेली तर मला तोंड दाखवू नकोस." मग तीच रडायला लागली आणि मग आम्ही तिघंही.

मी आयर्लंडला परत आले, पण एका अटीवर. घरची रीत मोडायची. परीक्षा असो नसो, मला सगळं त्याच दिवशी सांगायचं. आईने मान हलवली, पण मला तिची मान ठाऊक आहे. म्हणून रोजचा कॉल ठरला, आणि कॉलवर आधी डावा पाय दाखवायचा.

मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, आपण एकमेकांना फार जपतो. सगळं ठीक आहे, तू अभ्यास कर. सगळं मजेत आहे, तुम्ही काळजी घ्या. या बोलण्यात माझ्या आईचा पाय गेला. मला ते अजून पचलेलं नाही आणि कधी पचेल असंही वाटत नाही.

इथल्या मैत्रिणी विचारतात, घर म्हटलं की तुला काय आठवतं? पूर्वी मी ठाण्याच्या टेंभी नाक्याची नवरात्र सांगायची, कोपरच्या गॅलरीतलं ऊन सांगायची. आता ते आधी येत नाही. मी फोन लावते. मग स्क्रीनवर आईचा तळवा येतो. मी टाच बघते, बोटांच्या बेचक्या बघते, अंगठा उजेडात धरायला लावते. परवा टाचेवर एक बारीक चीर होती. मी विचारायच्या आतच ती म्हणाली, "हे बघ, सकाळी दिसलं. आजचंच आहे, कालचं नाही." तिच्या चेहऱ्यापर्यंत फोन जायच्या आधीच मी घरी पोचले होते.