ताईंचं पित्त आणि चार तासांचं अंतर

त्या दिवशी चादरी अर्ध्याच पिळून झाल्या होत्या, तेवढ्यात थोरल्या जाऊबाई रक्ताचा रिपोर्ट घेऊन मोरीच्या दारात उभ्या राहिल्या. "सहा महिने औषध गिळतेय, लिव्हरचा आकडा तसूभर हलला नाही," म्हणाल्या. कागद खिडकीत ठेवला आणि चादरीचं दुसरं टोक धरून पिळायला लागल्या.

मी त्यांना ताई म्हणते. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या चोवीस वर्षं कापड बेततात. एका वेळी चाळीस थर. सूतभर चुकलं की चाळीस सदऱ्यांच्या बाह्या तोकड्या. तिथे त्यांना कात्रीबाई म्हणतात, ते जिभेमुळेही असेल.

गेल्या वर्षी त्यांचे तळहात-तळपाय खाजायला लागले. पित्त उठलं असेल, असं आम्ही धरून चाललो. पण अंगावर गांध एकही नाही. तपासण्यांत निघालं ते वेगळंच: लिव्हरमधल्या पित्ताच्या बारीक नळ्या शरीरच खराब करत होतं आणि तुंबलेलं पित्त लिव्हरला जाळत होतं. डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल दिल्या, त्याही पित्तातल्याच एका आम्लाच्या. ताई भडकल्या. आधीच तुंबलंय, त्यात आणखी ओतायचं, म्हणजे आगीत तेलच की. बाईंनी शांतपणे सांगितलं, पित्तातही जहाल आणि मवाळ असतं. हे मवाळ आत जाऊन जहालाची जागा घेतं, अडलेलं वाहतं करतं. आजार मुळापासून जात नाही, पण त्याची चाल मंदावते. औषध जन्मभराचं. खाज मात्र त्याने जाईलच असं नाही, म्हणून पाण्यात कालवून घ्यायची पूड वेगळी दिली.

तो न हललेला रिपोर्ट घेऊन आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आकडा असाच राहिला तर लिव्हर कडक होत जाईल, बाई म्हणाल्या. मग विचारलं, औषध घेता कसं?

ताईंनी तोऱ्यात सांगितलं, "सकाळी पुडी कालवते, त्याच घोटाबरोबर कॅप्सूल. एकदाच काय ते उरकतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ती पूड आतड्यातलं पित्त धरून बाहेर नेते. तुमचं कुठलं आणि माझ्या कॅप्सूलचं कुठलं, तिला काय कळणार? मध्ये चार तास हवेत."

चिठ्ठीवर तसं लिहिलंही होतं. आम्ही कुणी धड वाचली नव्हती. जिना उतरताना मी म्हटलं, देवाची इच्छा.

"देवाला मध्ये घेऊ नकोस," ताई म्हणाल्या. "एका घोटात घे असं त्याने सांगितलं नव्हतं. सहा महिने मी शिवलं आणि मीच उसवलं."

खरंच होतं ते. संध्याकाळी दिव्यापुढे बसले तेव्हा ताईंना आयुष्य दे एवढंच न मागता शिस्तही दे म्हटलं.

ती त्यांच्याकडे होतीच. दुसऱ्या दिवसापासून पूड सकाळी, कॅप्सूल दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. कारखान्यात जेवणाची सुट्टी पुढे ढकलली की ताई कात्री ठेवून सरळ डबा उघडतात. मुकादमाने टोमणा मारला, कात्रीबाई मुहूर्त पाळतात. ताई म्हणाल्या, "पाळते. चुकला तर तुलाच कापड बेतावं लागेल."

आज तीन महिन्यांचा रिपोर्ट आला. आकडा तिसऱ्या हिश्श्याने उतरलाय. खाज थोडी आहे, थकवाही आहे. मी साखर पुढे केली. ताईंनी चिमूटभर तोंडात टाकली, म्हणाल्या, दोन हिस्से अजून बाकी आहेत, आणि कॅप्सूल मोजायला बसल्या. परवापर्यंतच पुरतील. उद्या कामावरून येताना त्या औषधाच्या दुकानात जाणार आहेत.