खालची रिकामी दोरी

गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीच्या टोकाला थेंब लोंबतो, जड होतो आणि खाली पडतो. खालच्या मजल्यावरच्या दोरीवर हल्ली एकही कपडा नसतो.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये, काढलेला स्तन पुन्हा घडवायला, माझ्या पाठीचा मोठा स्नायू वळवून छातीकडे आणला. तेव्हापासून उजव्या हातात जोरच उरला नाही. व्यायाम म्हणून रोज भिंतीवर बोटं चढवते, रबरी पट्टा ओढते, पण ओली चादर काही पिळली जात नाही. दुसरं टोक नवरा धरतो, पण मला दुखेल म्हणून नीट पीळच घालत नाही.

मध्यंतरी खालच्या काकू ओरडल्या होत्या, "अगं, माझे वाळलेले कपडे भिजले! नीट पिळत जा की!" राग आला, पण बरंही वाटलं. घरात हल्ली मला कुणी असं बोलत नाही. मग काकूंना कुणीतरी ऑपरेशनचं सांगितलं असणार. त्या गप्प झाल्या आणि दोरी रिकामी राहू लागली.

डॉक्टरांपुढे पदर बाजूला करताना मला लाज वाटली नव्हती. त्या दोरीकडे मात्र बघवत नाही.

आज नवऱ्याला म्हटलं, "ओढ जोरात." कळ आली, तरी टोक सोडलं नाही. चादर वाळत घालून मी खाली वाकले. "काकू, घाला कपडे! आज घट्ट पिळलीय."

काकूंनी वर पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या कपाळावर थेंब पडला. तो पदराने टिपत त्या म्हणाल्या, "हो गं, कोरडीच आहे."