लसींचा फ्रिज आणि आईचा मिस्ड कॉल

वडील गेल्यापासून आई यवतमाळकडच्या गावात एकटीच राहते. रोज सकाळी सातला तिने मला एक मिस्ड कॉल द्यायचा. तो आला म्हणजे ती ठीक आहे, ही व्यवस्था मीच लावून दिलेली. मला अशा व्यवस्था लावायची हौसच आहे. कोथरूडच्या एका रुग्णालयात माझं कामही तेच: नेटवर्कवर लक्ष ठेवायचं आणि काही बिघडलं की मोबाइलवर अलर्ट येईल असं करायचं.

सुरुवातीला मी उत्साहाच्या भरात सगळ्यालाच अलर्ट लावले. साहेब म्हणाले, "अहो, प्रिंटरमधला कागद संपला तरी कळवताय. आता कॅंटीनमधला चहा संपला की तेही कळवा." मग छाटत छाटत मोजकेच ठेवले. त्यात सगळ्यात महत्त्वाचा बाळांच्या लसींच्या फ्रिजचा. तो तापला की अलर्ट. पुढचे दोन दिवस मोबाइल गप्प. मी खूश.

तिसऱ्या दिवशी लसीकरणाच्या सिस्टर स्वतः खाली आल्या. "तुमच्या स्क्रीनवर कालपासून चारच अंश दिसतायत. फ्रिज एवढा शहाणा कधीपासून झाला?"

फ्रिज ठणठणीत होता. त्या तापमान वहीत लिहीत होत्या म्हणून कळलं. निसटली होती ती त्याची केबल, म्हणून स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच राहिला होता. आणि फ्रिज तापल्याचा निरोप त्याच केबलवरून यायचा होता! लाज वाटलीच, पण डोक्यात किडाही वळवळायला लागला. जो बोलूच शकत नाही, त्याचं बिघडलंय हे ओळखायचं कसं?

जेवायची वेळ टळून गेल्यावर उत्तर सापडलं. फ्रिजने दर पाच मिनिटांनी नुसतं 'मी आहे' कळवायचं. नाही कळवलं की अलर्ट.

"केबल काढून बघा," साहेब म्हणाले. "त्याशिवाय माझा विश्वास नाही."

काढली. सहाव्या मिनिटाला मोबाइल वाजला. साहेब चक्क हसले.

मोबाइल हातात होताच, म्हणून सहज कॉलची यादी उघडली. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि आईचा सकाळचा कॉल यादीत नव्हता. लगेच तिचा नंबर लावला. बऱ्याच रिंगनंतर तिने उचलला.

"बरी आहेस ना? सकाळी मिस्ड कॉल का नाही दिलास?"

"परवा इसरली म्या," आई म्हणाली. "मंग म्हटलं, पाहाव तुले कवा समजते. आज तिसरा दिवस हाये."